शिखर, कळस आणि शीग

काही वर्षांपूर्वी अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थ्याच्या वाक्याखाली मी तांबडी रेघ ओढली. ती रेघ अजूनही मनातून गेलेली नाही. प्रश्न नेहमीच्या साच्यातला होता : भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ या कथेचा उत्कर्षबिंदू कोणता, ते सांगून त्याचे विवेचन करा. विद्यार्थ्याने लिहिले होते की, या कथेला उत्कर्षबिंदू नाही. तिला शीग आहे, आणि ती शीग बाप आपल्याच पायांनी मोडतो. पुढे दीड पान तो भावाविषयी, बाजाराविषयी आणि मापाविषयी लिहीत गेला होता. समासात ‘विषयांतर’ असा शेरा मारून मी दहापैकी तीन गुण दिले. उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर तो मुलगा माझ्याकडे आला. तक्रार करणे त्याच्या स्वभावात नव्हते. “सर, शीग हा शब्द चुकला का?” एवढेच त्याने विचारले. शब्द चुकलेला नाही, पण तो समीक्षेतला शब्द नव्हे, असे मी सांगितले. “बरं, सर,” म्हणून तो गेला.

मी स्वतः तेरखेड्याचा. ‘उत्कर्षबिंदू’ हा शब्द मला अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी पाठ्यपुस्तकात भेटला. ‘शीग’ मात्र त्याआधी कितीतरी वर्षे घरात होती. ज्याला दोन्ही शब्द ठाऊक आहेत अशाच माणसाने त्यांतल्या एकाला वर्गाबाहेर उभे केले, ही गोष्ट मला तेव्हा जाणवली नाही. ती जाणवायला इंग्रजी शब्दांची वाट चालून यावे लागले, आणि त्या वाटेचाच हा वृत्तान्त आहे.

एम.ए.च्या वर्गाला अनुवादविचार शिकवीत असताना मी एकदा विद्यार्थ्यांना काही इंग्रजी वाक्ये भाषांतरासाठी दिली. त्यांत ‘समिट’, ‘पीक’, ‘झेनिथ’, ‘अ‍ॅपेक्स’, ‘अ‍ॅक्मी’, ‘पिनॅकल’, ‘कल्मिनेशन’ आणि ‘क्लायमॅक्स’ हे शब्द हेतुतः पेरलेले होते. बहुतेकांनी बहुतेक ठिकाणी एकच शब्द लिहिला : शिखर. मी रागावण्याच्या बेतात होतो. पण विचार करता लक्षात आले की, मुलांनी भाषेची प्रचलित वहिवाटच पाळली होती. राष्ट्रप्रमुखांच्या बैठकीला आपण शिखर परिषद म्हणतो. ते ‘समिट’चे भाषांतर. १९५० साली एडिंबरोच्या प्रचारसभेत चर्चिल यांनी शिखरावरच्या वाटाघाटींची कल्पना मांडली, आणि तेव्हापासून हा डोंगरी शब्द राजकारणात रुळला. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेला आपण शिखर बँक म्हणतो. तिथे मूळ शब्द ‘अ‍ॅपेक्स’ आहे. हिमालयातल्या ‘पीक’लाही शिखरच. तीन वेगळी बियाणी आपण एकाच पाभरीतून पेरली.

इंग्रजीत हे शब्द समानार्थी म्हणून कोशात शेजारी-शेजारी बसलेले असले, तरी त्यांची घरे वेगळी आहेत. ‘समिट’ हा चढणाऱ्याचा शब्द आहे; त्यात खालून वर आलेली वाट गृहीत असते. ‘पीक’ पाहणाऱ्याचा, तो दुरून दिसतो, आणि दुरून दिसतो म्हणूनच आलेखाच्या कागदावरही चालतो. ‘अ‍ॅपेक्स’ म्हणजे प्राचीन रोममधल्या विशिष्ट पुरोहितांच्या टोपीवरची ऑलिव्हच्या लाकडाची अणकुची. म्हणून तो अधिकारपरंपरेला शोभतो, आणि ‘शिखर बँक’ या शब्दात डोंगर नसून टोपी आहे, हे ध्यानात आले की त्या शब्दाकडे जरा निराळ्या नजरेने पाहता येते. ‘पिनॅकल’च्या मुळाशी पंख किंवा पीस आहे, ते इमारतीवरचे बारीक, नाजूक टोक. ‘अ‍ॅक्मी’ हा ग्रीक शब्द टोकाचा तसाच माणसाच्या ऐन भराच्या वयाचा वाचक होता. ‘कल्मिनेशन’ लॅटिनमधल्या ज्या शब्दावरून आले त्याचा एक अर्थ घराचे आढे असा होतो.

आढ्यापाशी मी अडखळलो. ‘वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही’ ही म्हण आपण सर्रास वापरतो, पण तेरखेड्याच्या जुन्या घरांना आढे नव्हतेच. ती माळवदाची घरे : लाकडी सरे, त्यांवर किलचण आणि मातीचा जाड थर. घराचा सर्वांत उंच भाग म्हणजे जिथे मिरच्या वाळत घालायच्या, उन्हाळ्यात अंथरुणे टाकायची आणि लग्नाच्या वेळी बायकांनी बसून वरात पाहायची अशी सपाट जागा. आढ्यावर कोणी बसत नाही; माळवदावर माणसे राहतात. एकाच भाषेत म्हण एका पर्जन्यमानातली आणि घर दुसऱ्या पर्जन्यमानातले, असा हा प्रकार आहे.

गावाच्या भूगोलाचेही तसेच आहे. बार्शीकडून येडशीला येताना घाट चढावा लागतो. चढ संपला की माणसाला वाटते, आता टोक येईल. टोक येत नाही. माळ येतो, ज्वारीची आणि तुरीची शेते येतात, विहिरी, वस्त्या, बाजार येतात. बालाघाटाचा हा माथा आहे. ‘माथा’ या शब्दाला इंग्रजीतल्या त्या आठ शब्दांपैकी एकही प्रतिशब्द पुरत नाही, कारण माथा हा बिंदू नसून वस्ती करण्याजोगा विस्तार आहे. घाटमाथ्यावरचा माणूस उंचीवर राहतो आणि ती उंची त्याला दिसत नाही. शेजारच्या येरमाळ्याला येडेश्वरीचे देऊळ डोंगरावर आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला चुनखडी वेचायला लोटणारी माणसे ‘डोंगरावर जाऊन आलो’ म्हणतात, शिखरावर गेलो असे कोणी म्हणत नाही. शिखर हा आमच्याकडे देवळाचा भाग आहे, भूमीचा नव्हे.

‘झेनिथ’ची गोष्ट तर याहून बोलकी आहे. हा शब्द अरबी ज्योतिर्विदांकडून लॅटिनमार्गे युरोपात गेला. ‘सम्त अर्-रास’, म्हणजे डोक्यावरची वाट; नकलून घेताना तो मोडत-मोडत ‘झेनिथ’ झाला. (अरबीत ‘रास’ म्हणजे डोके. आमच्याकडे ‘रास’ म्हणजे खळ्यावरचा धान्याचा ढीग. दोहोंचा संबंध नाही, हे ठाऊक असूनही मला तो योगायोग आवडतो.) आता गंमत अशी की, ज्या लंडनच्या भाषेत हा शब्द आज नांदतो, त्या लंडनमध्ये सूर्य डोक्यावर कधीच येत नाही. भर उन्हाळ्यातही तो क्षितिजापासून ६२ अंशांच्या आसपास चढतो आणि परत फिरतो. सूर्याच्या बाबतीत तरी इंग्रजीतले ‘झेनिथ’ हे नेहमीच रूपक असते. तेरखेड्यात ते वर्षातून दोनदा घडते : मेच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात. जुलैत ढग असतात; पण मे महिन्यात त्या दिवशी दुपारी उभ्या माणसाची सावली त्याच्या पायांखाली नाहीशी होते. आमच्याकडे त्याला ‘सूर्य डोक्यावर आला’ एवढेच म्हणतात, आणि तो कौतुकाचा क्षण नसून औत सोडण्याचा, बैल सावलीला बांधण्याचा क्षण असतो. खगोलशास्त्राने ‘खस्वस्तिक’ असा शब्द घडविला आहे; तो शुद्ध आहे, पण त्यात डोकेही नाही आणि ऊनही नाही. ‘त्यांची प्रतिभा मध्यान्ही तळपत होती’ असे वाक्य मी गौरवग्रंथांतून वाचतो तेव्हा मला नेहमी वाटते की, हे लिहिणाऱ्याने वैशाखातला मध्यान्ह डोक्यावर घेतलेला नाही.

‘क्लायमॅक्स’कडे वळण्यापूर्वी कळसाचा विचार करायला हवा, कारण ‘उत्कर्षबिंदू’च्या आधी मराठीने या कामासाठी कळसच योजला होता. ज्ञानदेवांनी गीतेचे रूपक देवालयाचे केले आणि अठराव्या अध्यायाला कळसाध्याय म्हटले. तिथे त्यांनी कळसाचे दोन धर्म सांगितले आहेत. एक, कळस चढला की पुढे बांधायचे काही उरत नाही. दुसरा अधिक सूक्ष्म आहे : दुरून कळस दिसला की देवतेची भेट झाली असे लोक मानतात, म्हणजे एका अध्यायाच्या दर्शनात सगळी गीता येते. उंचीचा मुद्दा इथे जवळजवळ नाहीच. तुळजापूरला देवीच्या दर्शनासाठी पायऱ्या उतराव्या लागतात, रस्ता वर आणि देवालय खाली. तरी कळसाचे कळसपण उणावत नाही. कळस म्हणजे सर्वांत उंच नव्हे, सर्वांत शेवटी ठेवलेले. तो इमारतीतून उगवत नाही. वेगळा घडवून, पूजा करून, वाजतगाजत आणून वर बसवावा लागतो.

याच कारणाने ‘कळस’ हा शब्द एका बाजूला तुकोबांसाठी आणि दुसऱ्या बाजूला ‘निर्लज्जपणाचा कळस’ यासाठी वापरता येतो. यात विसंगती नाही. दोन्हीकडे अर्थ एकच : यापुढे काही ठेवता येणार नाही. मराठीतील या कुळातले इतर शब्दही त्यांच्या सोबतीने ओळखता येतात. पराकाष्ठा प्रयत्नांची होते, कारण ‘काष्ठा’ म्हणजे सीमा, शर्यतीच्या मैदानातली अखेरची खूण. कठोपनिषदातही हा शब्द अंतिम मर्यादेच्या अर्थाने येतो. तिथवर धावावे लागते. परिसीमा मात्र दुर्लक्षाची किंवा क्रौर्याची होते. तिथे कोणी धावत नाही, ती ओलांडली जाते. टोक भूमिकेचे गाठतात आणि त्यात नापसंती असते. उच्चांक भावाचा, तापमानाचा, कापसाच्या आवकेचा. त्याला लगेच ‘नीचांक’ हा जोडीदार मिळतो, तसा ‘शिखरा’ला मिळत नाही. कहर आणि हद्द हे अरबीतून आलेले शब्द रागाचे आहेत. शेंडा तेवढा जिवंत. तो वाढता असतो, कोवळा असतो, आणि तुरीचा शेंडा वेळेवर खुडला तर झाड खाली फुटते व शेंगा जास्त धरतात. सर्वोच्च टोक काढून टाकण्यात ज्याचे हित आहे असा हा एकच शब्द मला माहीत आहे. ‘गोष्टीला शेंडाबुडखा नाही’ असे आमच्या गावात ऐकणारे सांगणाऱ्याला बजावतात. कथनशास्त्राची इतकी नेमकी संज्ञा घरात असताना आपण ‘रचनेचा अभाव’ असे लिहितो.

आता उत्कर्षबिंदू. ‘क्लायमॅक्स’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ शिडी. वक्तृत्वशास्त्रात तो पायरी-पायरीने चढत जाणाऱ्या वाक्यरचनेला लावीत. आपल्याकडचा सार अलंकार त्याच्या अगदी जवळचा. शिडीला टोक असते, पण शिडी म्हणजे टोक नव्हे. पुढे इंग्रजीत चढण्याचा शब्द चढून पोहोचलेल्या जागेला लागला. अ‍ॅरिस्टॉटलने नाटकाच्या कथानकाबद्दल हा शब्द वापरलेला नाही. त्याची प्रतिमा गाठीची आहे : आधी गुंता, मग उकल. नाटकाचे उंचीच्या आकृतीत चित्र काढले ते जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटाग याने, १८६३ साली. त्याच्या पंचांकी त्रिकोणात सर्वोच्च बिंदू तिसऱ्या अंकात, म्हणजे मध्यावर येतो. पुढचे दोन अंक उतरण. आपल्या वर्गांत मात्र उत्कर्षबिंदू शेवटाजवळ शोधायचा असतो. याचा अर्थ असा की, आम्ही आकृती फ्रायटागची घेतली, शब्दाला मान ग्रीकांचा दिला, आणि जागा कळसाची ठरवली. हे मिश्रण वाईट आहे असे नाही. पण ते मिश्रण आहे हे मी बरीच वर्षे शिकवीत असूनही मला ठाऊक नव्हते.

संस्कृत नाट्यशास्त्राच्या बाजूने पाहिले तर उंचीची प्रतिमा हवीच असे नाही, हे स्पष्ट होते. आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम या पाच अवस्था. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण हे पाच संधी. आणि अर्थप्रकृतींतला पहिला शब्दच बीज. हे सगळे शेतीचे व्याकरण आहे. इथे वस्तू चढत नाही, पिकते. रसाचा परिपोष होतो, काव्याचा पाक होतो. इंग्रजी ‘पीक’ आणि मराठी ‘पीक’ यांचा उच्चार सारखा आहे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण एका वर्गात ‘भावना पीकला पोहोचतात’ असे कोणीतरी म्हणाले आणि मागच्या बाकावरून ‘पिकतात’ अशी दुरुस्ती आली, तेव्हा हसण्यात मीही सामील होतो, आणि दुरुस्ती बरोबर होती.

याच सुमारास मी दिवाळीत गावी गेलो. तेरखेडा फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. गावाभोवतीच्या कारखान्यांत फटाके आणि शोभेची दारू तयार होते. त्या कामाने अनेक घरे चालली आहेत, आणि स्फोट होऊन माणसे दगावल्याचेही गावाने एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. या कामात उभा जन्म गेलेल्या, नात्याने काका लागणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना मी आकाशात जाऊन फुटणाऱ्या गोळ्याविषयी विचारले. तो नेमका वर गेल्यावरच कसा फुटतो? ते म्हणाले, “वर जाऊन त्याचा दम संपला की मंग फुटाया पाहिजे. दम हाय तवर फुटला तर फूल वाकडं व्हतं, आन् दम संपून खाली याया लागल्यावर फुटला तर खालच्याच्या अंगावर.” आतली वात किती वेळ जळेल यावर सगळे अवलंबून. सर्वोच्च बिंदू म्हणजे जिथे वर जाणे थांबलेले आहे आणि खाली येणे सुरू झालेले नाही तो क्षण. तिथे वेग शून्य असतो. उत्कर्षबिंदूची इतकी चांगली व्याख्या मला कोणत्याही ग्रंथात मिळालेली नाही. पण ती व्याख्या ऐकतानाच माझ्या लक्षात आले की, ती ‘लाल चिखल’ला लागू पडत नाही, आणि त्या मुलाची उत्तरपत्रिका मला पुन्हा आठवली.

शीग म्हणजे मापाच्या काठावर राहणारी धान्याची रास. मोल्सवर्थच्या कोशात हा अर्थ आहे, आणि आमच्या घरात तो कृतीत होता. पितळी शेर, चिपटे आणि पत्र्याची पायली माझ्या लहानपणीही वापरात होती, जरी मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालीच झाला होता. आजी ज्वारी मापायची तेव्हा शेर भरून काठाला आल्यावरही ओंजळीने वर धान्य सोडीत राहायची. टोक तयार व्हायचे. मग एक क्षण असा यायचा की, आणखी चार दाणे टाकले तर दहा दाणे घरंगळायचे. तीच शीग. तिची उंची मापणाऱ्याच्या इच्छेवर नसते. दाण्याच्या स्वभावावर असते. ज्वारीची शीग वेगळी, तुरीची वेगळी, पिठाची सर्वांत उंच. कळसावर आणखी काही ठेवता येत नाही, कारण काम पुरे झालेले असते. शिगेवर आणखी काही ठेवता येत नाही, कारण ते राहत नाही. ‘उत्सुकता शिगेला पोहोचली’, ‘प्रचार शिगेला पोहोचला’ असे वृत्तपत्रे रोज छापतात आणि त्यात सांडण्याची भीती आहे हे विसरतात. मराठीने मात्र ते विसरलेले नाही : विद्वत्ता शिगेला पोहोचत नाही, कीर्ती पोहोचत नाही. पोहोचतात त्या ओतल्या जाणाऱ्या, साचणाऱ्या, आणि कोणत्याही क्षणी घरंगळणाऱ्या गोष्टी : ताण, वाद, कुतूहल.

पण यापुढची गोष्ट शब्दकोशात नाही. शेजारणीला उसने द्यायचे ते शिगेने, आणि परत आले की तेही शिगेने. हा घरोब्याचा नियम. व्यापाऱ्याविषयी बोलताना मात्र आजीचा स्वर बदलायचा. “घेताना शिगंनं, देताना हात फिरवून,” असे ती म्हणायची. म्हणजे शेतकऱ्याकडून माल घेताना शीग धरूनच एक माप, आणि तोच माल आषाढात परत विकताना मापाच्या काठावरून हात फिरवून, शीग पाडून, सपाट माप. दोन मापांतला फरक तो त्याचा नफा. ही तक्रार आमच्या गावापुरती नव्हती. पोलिश इतिहासकार व्हिटोल्ड कुला यांनी मापांच्या सामाजिक इतिहासावर लिहिलेल्या ग्रंथात युरोपातल्या शेतकऱ्यांचे हेच गाऱ्हाणे येते : रास केलेले माप आणि सपाट माप. इंग्लंडने १८३५ सालच्या कायद्याने राशीचे माप बंद केले. फ्रेंचांनी तर त्या शिगेला आपल्या भाषेत बढती दिली; मापावरच्या राशीला ते ‘कोंब्ल’ म्हणत, आणि आज हर्षाची किंवा दुःखाची परमावधी सांगायला तोच शब्द येतो. ‘हा कोंब्लच झाला’ म्हणजे आपल्या भाषेत ‘कळस झाला’. फ्रेंच मनुष्य संतापाच्या भरात जे बोलतो ते मुळात धान्याच्या मापाबद्दल आहे.

तेव्हा शीग म्हणजे नुसती परमावधी नव्हे. ज्याचा मोबदला मिळत नाही असा मालाचा सर्वांत वरचा भाग, असा तिचा व्यवहारातला अर्थ आहे. ‘समिट’ चढणाऱ्याचा असतो. शीग, जो मापतो त्याची असते.

हा अर्थ मनात ठेवून मी ‘लाल चिखल’ पुन्हा वाचली. बाजारात विकायला आणलेले टोमॅटो, कोसळलेला भाव, आणि अखेर बापाने तो माल पायांखाली तुडवणे. हे सारे मुलाच्या नजरेतून. त्रिकोणाच्या हिशेबाने तुडवणे हा उत्कर्षबिंदू. मी वर्षानुवर्षे तेच सांगत आलो, आणि संतापाचा कडेलोट, सहनशीलतेचा अंत ही ठरलेली वाक्ये त्याला जोडीत आलो. मुलाचे म्हणणे याच्या उलट होते. त्याच्या मते सर्वोच्च जागा आधीच येऊन गेलेली आहे. ती म्हणजे तो लालभडक ढीग, ज्याच्यावरून येणारे-जाणारे हवे तितके मागतात आणि हवा तो भाव बोलतात. बाप तो ढीग मोडतो म्हणजे शीग कोणाला न्यायला मिळू देत नाही. त्या वाचनात तुडवणे हा संतापाचा शेंडा राहत नाही. तो व्यवहारातला नकार होतो. मापावरून हात फिरवतात तसा त्याने पाय फिरवला, असे काहीसे त्या दीड पानात असावे. मला आता सगळे शब्द आठवत नाहीत, आणि उत्तरपत्रिका माझ्याकडे नाही.

मला हे वाचन सर्वस्वी मान्य आहे असे नाही. टोमॅटो मापाने नव्हे, तराजूने विकतात. तिथे शिगेची जागा ‘वर दोन जास्त टाका’ या बोलीने घेतलेली असते, आणि ती तितकी निर्दय नसते. शिवाय बापाच्या त्या कृतीत हिशेब किती आणि भान हरपणे किती, हे कथा सांगत नाही; हिशेबच होता असे म्हटले तर कथेतले दुःख थोडे कमी होते. हे आक्षेप मी त्या मुलाशी बोलायला हवे होते. तसे झाले असते तर दोघांनाही त्या कथेविषयी काही नवे कळले असते. मी त्याला शब्दाचा प्रांत सांगून परत पाठवले.

आणखी एक कबुली. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात मराठवाड्यातील काही ग्रामीण कथांविषयी ‘कथन सपाट झाले आहे’ असा अभिप्राय मी तीन ठिकाणी दिला आहे. उत्कर्षबिंदू सापडला नाही की सपाट म्हणायचे, अशी त्या काळी आमची रीत होती आणि अजूनही आहे. माथाही सपाटच असतो, आणि तो उंचीवर असतो, हे बालाघाटावर वाढलेल्या माणसाला कोणी वेगळे सांगायला नको होते. त्या कथांत एक भाव टिकून राहतो. दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी माणूस जसा रोज तितकाच थकलेला असतो, तसा. तिथे चढ शोधणे म्हणजे माळवदावर आढे शोधणे होय. अर्थात सगळ्याच सपाट कथा माथ्यावरच्या असतात असेही नाही. काही निव्वळ सपाट असतात, आणि त्या तीनांतली एक मला आजही तशीच वाटते. उरलेल्या दोन पुन्हा वाचायच्या आहेत.

‘उत्कर्षबिंदू’ हा शब्द टाकून द्यावा असे माझे म्हणणे नाही. नाटकाला, विशेषतः ज्या नाटकांची बांधणीच फ्रायटागच्या काळातल्या रंगभूमीकडे पाहून झाली त्यांना, तो चपखल बसतो. प्रश्न इतकाच आहे की, कथेपुढे जाताना हातात एकच माप घेऊन जायचे की काय. एखाद्या कथेला कळस असेल, तिथे शेवटचे वाक्य आणून बसवलेले दिसेल. एखादीला शेंडा असेल आणि लेखकाने तो खुडलेला असेल. एखादी त्या गोळ्यासारखी दम संपल्यावर फुटेल. एखादीला शीग असेल, आणि तिथे ती शीग कोण नेतो आहे हे विचारावे लागेल.

यंदा एम.ए.च्या वर्गात मी हे चारही शब्द फळ्यावर लिहिले. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. तासाच्या शेवटी एका मुलीने विचारले, “सर, परीक्षेत लिहिलं तर चालेल का?” मी चालेल म्हणालो. ती प्रश्नपत्रिका मीच काढली होती आणि आधीच छपाईला गेली होती. तिच्यात तिसरा प्रश्न उत्कर्षबिंदूवरच आहे.